डोंगर डावीकडे

भिंगोबानं सहलीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला की घरात जेवायला जागा उरत नसे. बायको दोन्ही हातांत ताटं घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, ते डोंगर जरा तिकडं सरकवा. तांब्या लवंडला तर तुमच्या सगळ्या खोऱ्यांत पूर येईल."

"येऊ दे," तो म्हणायचा. "पुरात गाडी घालायची हौसही फिटेल एकदाची."

भिंगोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बाजारानं ठेवलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं उभं आयुष्य काचा घासण्यात गेलेलं. भुवयांवर कायम पांढरी पूड, जणू आत्ताच पिठाच्या गिरणीतनं उठून आलाय. गडी ठेंगणा, बोटं जाड. पण त्या जाड बोटांत मोहरीएवढा स्क्रू असा गुमान बसायचा की बघत राहावं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चष्म्यांच्या मोडक्या दांड्या फुकट जोडून द्यायचा आणि वर दोन शब्द सुनवायचा, "आजी, चष्मा नाकावर ठेवायचा असतो, बुडाखाली नाही." आजी खुदकन हसायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यावर बसूनच यायची.

त्याची मोटारसायकल लग्नाच्या आधीपासूनची. बायको तिला 'थोरली' म्हणायची. "थोरलीला तेल पाजून झालं असेल तर आता धाकटीच्या हातचे दोन घास खा," असं ती सुट्टीच्या दिवशी अंगणात येऊन सांगायची, आणि भिंगोबा चेनचं काळं वंगण हातावर तसंच घेऊन मोरीकडं पळायचा.

डांबरी सडकेचं त्याला वावडं होतं. "डांबरावरनं काय, कुणीही जातं. वरातीतला बँडसुद्धा जातो." त्याला हवे होते मागचे रस्ते. खडीचे, मुरमाचे, कुणी एके काळी लाकूड काढायला पाडलेले आणि मग विसरून गेलेले. धरणाच्या पाठीमागनं जाणारे, माळावर एकटेच पडलेले, घाटातनं वळवळत उतरणारे. अशी एक गोल फेरी त्यानं कैक वर्षं मनात घोळवली होती. घरातनं निघायचं, तीन घाट ओलांडायचे आणि एकाही ठिकाणी मागं न फिरता दुसऱ्या बाजूनं घरी यायचं. दरवर्षी बोलणं व्हायचं, दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा मात्र त्यानं कंबरच कसली होती. विचारील त्याला सांगत होता, "यंदा नाही तर कधीच नाही."

ऐकणाऱ्याला वाटे, ही बोलायची तऱ्हा. तशी ती नव्हती.

भिंगोबाचं डावीकडचं जग विझत चाललं होतं. एकदम नाही, तव्याच्या कडेनं भाकर करपत यावी तसं, गुपचूप, कडेकडेनं. आधी टेबलावरचे पेले पडायला लागले. मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. रस्त्यानं जाताना माणसं डाव्या बाजूनं एकदम उगवायची. "कुठनं टपकलास रे?" असं तो हसून विचारायचा, आणि समोरचा म्हणायचा, "अरे, मघापासून बरोबर चालतोय की तुझ्या!" समोरचं मात्र त्याला लख्ख दिसायचं. काच घासताना एक ओरखडा सुटायचा नाही. म्हणूनच कुणाला काही कळलं नाही.

त्याला स्वतःला कळलं होतं. काचबिंदू असाच येतो, दार न वाजवता, हे तो गिऱ्हाइकांना किती वेळा सांगायचा. दुकानात आठवड्यातनं दोनदा डोळ्यांची डॉक्टरीणबाई यायची. तिच्यासाठी आतल्या अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची. वाडग्यात इकडंतिकडं बारीक उजेड लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. माणसांना यंत्रापुढं बसवायचं काम भिंगोबाचंच. बाजूला उभं राहून त्यानं हजारो माणसांची तपासणी ऐकली होती. ऐकली म्हणायचं कारण असं की, प्रत्येक उजेडाच्या आधी यंत्रात 'टिक' असा बारीक आवाज होतो. बसलेल्याला तो जाणवतही नाही. भिंगोबाच्या हाडात मुरला होता.

गेल्या वर्षी एका दुपारी, दुकान जेवायला बंद असताना, तो स्वतः वाडग्यापुढं बसला. टिक, दाबलं. टिक, दाबलं. यंत्र म्हणालं, डोळे ठणठणीत. त्याचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्यानं बायकोला उगाचच भजी आणून दिली असती, पण दुपारची भज्यांची गाडी बंद होती; म्हणून नुसताच तिच्याकडं बघून हसत राहिला. "काय झालंय तुम्हाला?" ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

मग कधीतरी पेले फारच पडायला लागले, तेव्हा तो पुन्हा बसला. पुन्हा ठणठणीत. खूश होऊन उठला, यंत्र पुसायला पाठचं झाकण उघडलं, आणि हात तिथंच थबकला. उजेड पाडणारा दिवाच जळून गेला होता. काच आतनं काळी पडलेली. वाडग्यात एकही उजेड लागला नव्हता, आणि भिंगोबानं नुसत्या 'टिक'वर सगळेच्या सगळे पाहिले होते.

त्यानं दिवा बदलला. मालकाला सांगितलं, दिवा गेला होता, बदलला. डॉक्टरीणबाईला काहीच सांगितलं नाही. औषधाचे थेंब घातले तर उरलेलं राखता येतं, हेही त्याला पाठ होतं. पण बाई पहिलं वाक्य काय बोलेल तेही पाठ होतं: गाडी आजपासून बंद. 'फेरी करून येतो, मग सांगतो,' असं त्यानं स्वतःला बजावलं आणि नकाशा काढला.

आता त्या नकाशात एक गोष्ट होती, ती फक्त त्यालाच माहीत. गाडी चालवायची डाव्या अंगानं. दरी डावीकडे असली की चाक काठाकाठानं जाणार, आणि तो काठ भिंगोबाला दिसणार नाही. डोंगर डावीकडे असला तर? तर फार फार तर खांदा घासेल, ढोपर फुटेल. खाली जायचं भय नाही. म्हणून त्यानं सगळी फेरी अशी आखली की प्रत्येक घाटात डोंगर डावीकडेच यावा. त्यासाठी एका घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन वर न चढता अख्ख्या डोंगराला वळसा घालून मागनं यायचं होतं.

"हा काय द्राविडी प्राणायाम?" साडू म्हणाला. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बसआगारात टायर बदलणारा, आडदांड, हसला की खिडक्या वाजाव्यात असा. दुसऱ्या गाडीवर तो बरोबर येणार होता. "इथनं सरळ चढलं तर दुपारच्या जेवणाला वर."

"ऊन डोळ्यांवर येतं त्या बाजूनं."

"साडूभाऊ, सूर्यालासुद्धा आता तुमच्या सोयीनं फिरवायचं म्हणा की!"

सगळे हसले. भिंगोबाही हसला. हसताना त्याच्या डाव्या कोपराला पेला लागला आणि सगळं पाणी नकाशावरच्या घाटातनं खाली धावलं.

साडू पुढं असेल, त्याच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून आपण जायचं, असा भिंगोबाचा मनातला बेत होता. पण निघायला थोडे दिवस उरले असताना साडूच्या कमरेत टायर उचलताना उसण भरली. गडी पलंगावर आडवा, कूस बदलायची तरी बायकोला हाक. भिंगोबा भेटायला गेला तेव्हा तो तक्क्यावरनं म्हणाला, "मला सोडून जा, साडूभाऊ. पण एकटे जाऊ नका. खडीत पडलात तर उचलायला कोण?"

"मी जाते की," भिंगोबाची बायको म्हणाली.

भिंगोबाला वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. टेबलाशी ताटं घेऊन उभं राहून राहून ते सगळे डोंगर तिच्याही पोटात शिरले होते. "मागं बसून काय, टेकायचंच तर आहे. आयुष्यभर थोरलीचे लाड बघितले, आता जरा तिच्या पाठीवर बसून बघते."

"अगं, खडी असते. हाडं खिळखिळी होतील."

"शाळेच्या मुदपाकखान्यात रोज शंभर पोरांची पातेली उचलते मी. माझ्या हाडांची काळजी तुम्ही करू नका."

नाही म्हणायला कारण हवं. खरं कारण सांगायचं नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. 'डोंगर डावीकडे आहे ना,' त्यानं मनाची समजूत घातली, 'हळू जाऊ.' पण त्या दिवसापासून काच घासताना त्याचा हात मधेच थांबायचा. घासायचं चाक नुसतंच फिरत राहायचं.

मग फोन आला. तिसऱ्या घाटाच्या पलीकडं एक बाई खाणावळ चालवायची. रस्त्याची खबरबात घ्यायला भिंगोबा तिला अधनंमधनं फोन करायचा. या वेळी तिनंच केला, आणि भिंगोबा दुकानात असल्यानं बायकोनं घेतला. संध्याकाळी तो घरी आला तर नकाशा आधीच पसरलेला, आणि बायकोचे गाल फुललेले.

"तुमच्या फेरीतला ओढ्यावरचा पूल खचला," ती म्हणाली. "अलीकडनं गाडी चढतच नाही म्हणे. पलीकडनं या म्हणाली, तिकडचा उतार शाबूत आहे, ओढ्यातनं पाण्यानं पाण्यानं उतरता येतं. मग मी बसले आणि सगळं उलटं करून टाकलं. शेवटचा घाट पहिला, पहिला शेवटी. बघा तरी! वळसाही वाचतो." तिनं बोटानं अख्खी फेरी काढून दाखवली. ते बोट प्रत्येक घाटात दरीच्या काठाकाठानं चाललं होतं. "आणि एक मजा सांगू? असं गेलं की सगळी दरी आपल्याच बाजूला येते. मला मागं बसल्या बसल्या तळापर्यंत दिसेल."

भिंगोबा त्या बोटाकडं बघत राहिला.

"आवडलं नाही?"

"छान आहे," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी सामान बांधून एक चक्कर मारून बघू, असं तिनंच काढलं. गावाबाहेर जुनी दगडाची खाण होती. तिथला रस्ता अगदी फेरीतल्यासारखा: सैल खडी, मधे गवताची पट्टी. भिंगोबा सावकाश चालवत होता. बायको मागनं बडबडत होती, गाडी ओझ्यानं कशी बैलासारखी चालते, रस्ता तळव्यांना कसा गुदगुल्या करतो. एकाएकी तिची बडबड तुटली. तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली आणि ती किंचाळली.

भिंगोबानं ब्रेक दाबला. मागचं चाक खडीवर वाहवलं, गाडी आडवी होता होता पायावर तोलली. धूळ खाली बसल्यावर त्याला दिसलं. पुढच्या चाकापाशी एक माणूस सायकल धरून उभा. सायकलवर फाट्यांची मोळी, माणसाचं तोंड पांढरंफटक. डावीकडच्या पायवाटेनं तो आला होता. केव्हाचा येत होता. मोकळ्या माळावरनं, उघड्या उन्हात.

"आंधळा आहेस काय रे?" माणूस ओरडला.

रस्त्यावरची रोजची शिवी. कुणीही कुणालाही देतं. भिंगोबा एरवी उलट दोन हाणायचा. आज त्यानं गाडी तशीच घराकडं वळवली.

जेवण झालं. तिनं टेबल पुसलं, नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला आणि त्याच्या समोर बसली. "दुकानात यंत्र बिघडलं की तुम्ही हातांनी तपासता ना माणसांना? ते कसं करतात, मला दाखवा."

"आता?"

"आता. माझ्या नाकाकडं बघा म्हणता ना? बघा माझ्या नाकाकडं. हाताची बोटं हलली की 'हं' म्हणायचं. बरोबर?"

उठून जायला हवं होतं, पण उठलं तर तेच उत्तर झालं असतं. त्यानं तिच्या नाकाकडं नजर लावली. तिनं दोन्ही हात फैलावले. उजवीकडं बोटं हलली. "हं." पुन्हा उजवीकडं. "हं." मग ती थांबली. मग तिचा दुसरा खांदा किंचित उचलला गेला, बाहीची घडी सुटली.

"हं," भिंगोबा म्हणाला.

खांदा पुन्हा हलला. "हं."

"पुन्हा?"

"हं. दिसतंय की सगळं. बास झालं आता."

"अहो," ती म्हणाली, "तो हात मी कधीच खाली घेतला. मांडीवर आहे. नुसता खांदा हलवत होते."

मग त्यानं सांगितलं. पेले, चौकटी, टिक टिक, जळलेला दिवा, सगळं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं बाजूचा नकाशा आणखी थोडा लांब ढकलला.

"म्हणजे मला मागं बसवून दरीच्या काठानं नेणार होतात."

"डोंगर डावीकडे होता ना, म्हणून..."

"आणि उलटं झाल्यावर?"

"सांगणारच होतो."

"कधी? खाली पोचल्यावर?"

तिच्या आवाजात हसू नव्हतं. सोमवारी डॉक्टरीणबाई येईल तेव्हा तिला सांगायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे ती म्हणाली आणि त्यानं मान हलवली. फेरीचं नाव दोघांनीही काढलं नाही. अंथरुणाला पाठ टेकताना भिंगोबाला हलकं वाटलं. आणि घात झाला तो त्या हलकेपणानंच. कारण पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं: ती आता मागं बसणार नाही. आता जोखीम आहे ती आपली आपल्याला. एकदा सोमवार उजाडला की थोरली कायमची ताडपत्रीखाली जाणार. सोमवार अजून उजाडायचा होता.

पहाटे, फटफटायच्या सुमाराला, तो उठला. बायकोची जागा रिकामी होती. मोरीत असेल, असं त्याला वाटलं, आणि ती यायच्या आत निघावं म्हणून त्यानं चपळाई केली. पायताण हातात घेऊन अंगणात आला, फाटकाचं कुलूप काढलं. बॅगा कालपासून गाडीवरच होत्या, पण एक सुटली होती. ती बांधायला दोरी हवी. दोरी भिंतीवरच्या खुंटीला असायची, डाव्या हाताला. त्यानं न बघताच हात लांबवला. दोरी हातात आली. त्यानं बॅग आवळली, दोन गाठी मारल्या, ओढून बघितलं. पक्की.

किक मारली. थोरली पहिल्या झटक्यात जागी झाली. त्यानं उजवीकडं बघितलं. फाटक उघडं, गल्ली मोकळी, समोरच्या ओट्यावर मांजर अंग चाटत बसलेलं. सगळं कसं लख्ख दिसत होतं. इतकं लख्ख, की त्याला स्वतःचंच हसू आलं: या डोळ्यांना कोण आंधळं म्हणेल? त्यानं क्लच दाबला.

"अहो."

आवाज डाव्या कानाशी होता. हातभरही लांब नाही.

भिंगोबानं मान वळवली नाही. "आलीस होय," तो म्हणाला. "दिसलीस मला येताना. आत्ताच आलीस ना?"

"तुमच्या आधीपासून इथं उभी आहे," बायको म्हणाली. "तुम्ही माझ्या अंगावरनं गेलात दोनदा. दोरी खुंटीवर नव्हती. मी दिली तुमच्या हातात."

गाडी थरथरत होती. बॅगेवरच्या गाठी त्याच्या पाठीमागं होत्या. त्या त्याला एकाएकी पाठीला टोचल्यासारख्या वाटल्या.

"मी आडवी येणार नाही," ती म्हणाली. "किल्ली काढणार नाही, रडणारही नाही. मघाशी म्हटलं, ओरडावं. मग म्हटलं, बघू तरी, किती जवळ आल्यावर दिसते मी. तुम्हाला जायचंय तर जा."

तो थांबला. ती आणखी काही बोलेल म्हणून. इंजिनच्या आवाजात पावलं वाजली की नाही, कळेना. घरात गेली की तिथंच उभी आहे? मान जराशी वळवली असती की समजलं असतं. पण एवढं एक न वळवता समजायला हवं होतं. एवढं एकच. त्यानं नजर समोर ठेवली, अगदी वाडग्यातल्या ठिपक्यावर ठेवावी तशी, आणि सगळा जीव डाव्या कडेला आणला.

तिथं काहीच नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार असता तर तो तरी दिसला असता.

त्यानं किल्ली फिरवली. थोरली धापा टाकत गप्प झाली. ओट्यावरचं मांजर उठून निघून गेलं.

"अगं?" भिंगोबा म्हणाला.

गल्लीत आता चांगलंच उजाडलं होतं. त्यानं डावा हात बाजूला केला, बोटं पसरली, आणि हवेत चाचपत तसाच गाडीवर बसून राहिला.

"अगं, आहेस का?"